डिस्कची जाडी मोजून बिलावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की टायर, वायपर आणि बॅटरी तपासून घ्या, अशा सूचना सगळीकडून येऊ लागतात. ब्रेकचा विषय निघालाच तर ‘पॅड बघून घ्या’ एवढ्यावर भागते. ते पॅड बिडाच्या ज्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून गाडी थांबवतात, त्या डिस्ककडे मात्र चाक खोललेले असतानाही कोणी निरखून पाहत नाही. मी पोलादपूरला राहतो आणि गेली 11 वर्षे स्वतःची सात आसनी डिझेल गाडी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला प्रवासी घेऊन नेतो-आणतो. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या नोव्हेंबरात सहा प्रवाशांसह घाट उतरत असताना प्रतापगड फाटा ओलांडल्यावर स्टिअरिंगला कंप सुटला आणि ब्रेक दाबला की तळपायाखाली पेडल धडधडू लागले. पुढच्या काही वळणांनंतर तेच पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले. दुसरा गिअर, मग पहिला गिअर आणि हळूहळू ओढलेला हँडब्रेक यांच्या आधाराने गाडी डोंगराच्या बाजूला लावली. कोणाला खरचटलेही नाही. पण मागच्या सीटवर लेकराला छातीशी धरून बसलेली बाई मला अजून दिसते. तीन आठवडे आधीच मी पुढचे पॅड नवे बसवून घेतले होते. तेव्हा डिस्कचे विचारले, तर मेकॅनिकने तिच्यावरून बोट फिरवून ‘अजून दोन वर्षे बघायला नको’ असे सांगितले होते.

महाडला एका जुन्या मिस्त्रींनी ती डिस्क उतरवून माझ्यासमोर मोजली. प्रथम त्यांनी साधा व्हर्नियर, म्हणजे दोन जबड्यांत धरून जाडी मोजायचे साधन, लावला, तेव्हा आकडा जवळजवळ नव्या डिस्कएवढा आला. मग त्यांनी माझे बोट धरून डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून आत ओढले. कडेला एक उंच काठ होता, ताटाला असतो तसा. पॅड त्या काठापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे काठ झिजत नाही आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावर टेकले की माप काठाचे मिळते, झिजलेल्या पट्ट्याचे नव्हे. त्यांनी दोन्ही बाजूंना काठाच्या उंचीपेक्षा जाड असे एकेक नाणे पट्ट्यावर धरून पुन्हा मोजले आणि नाण्यांची जाडी वजा केली. नवी असताना 26 मिलिमीटर असलेली ती डिस्क 22.7 मिलिमीटरवर आली होती. तिच्यावरच, गंजाखाली, किमान जाडी, म्हणजे जिच्याखाली डिस्क वापरायची नाही ती मर्यादा, 24 मिलिमीटर असल्याचे ठोकलेले होते. तारेच्या ब्रशने दोनदा घासल्यावर तो आकडा वाचता आला. बहुतेक डिस्कवर ही किमान जाडी कोरलेली असते, मग ती वाचायची पद्धत आपल्याकडे का पडू नये, हा माझा प्रश्न आहे.

दीड-दोन मिलिमीटरने एवढे काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी. माणसांसह अडीच टन भरणारी गाडी सुमारे 1,300 मीटर खाली येते, तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या ऊर्जेत साधारण 100 लिटर पाणी उकळीला येईल. त्यातली काही हवा आणि इंजिन खाते, पण डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा हा वाटाही ब्रेकवर येतो आणि त्याचा मोठा भाग पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. लोखंड जितके कमी, तितकी तीच उष्णता डिस्कला अधिक तापवते. तो ताव पॅडमधून कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आवळणाऱ्या चिमट्यात, आणि तिथून पायाचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलमध्ये उतरतो. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच दंडक 140 अंशांवर येतो. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. माझ्या गाडीत झिजलेली डिस्क आणि चार वर्षे न बदललेले ऑइल या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ऑइलची चूक पूर्णपणे माझी होती. आता मी ते दर दोन वर्षांनी बदलतो.

डिस्कवर चर पडले किंवा पेडल धडधडू लागले की ती लेथवर लावून साफ करून घेण्याचा स्वस्त उपाय सर्रास केला जातो. तो मुळात चुकीचा नाही. परंतु साफ केल्यानंतर उरणारी जाडी किमान जाडीपेक्षा जास्त असली पाहिजे. तेवढे लोखंडच शिल्लक नसेल तर लेथवर खर्च केलेले पैसे वाया तर जातातच, शिवाय डिस्क आणखी पातळ होते. बदलायची झाली तर एका धुरेवरच्या दोन्ही डिस्क एकत्र आणि नव्या पॅडसह बदलाव्यात. एकाच बाजूची बदलली तर गाडी ब्रेक मारताना एका अंगाला ओढू शकते.

बसवण्याच्या कामातही घाई नडते. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या, ज्या तोंडावर डिस्क टेकते, तिथे गंजाचा एक पापुद्रा जरी राहिला तरी डिस्क फिरताना किंचित लचकते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होऊन पुन्हा धडधड सुरू होते. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे लागते, कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावावे लागते आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळावे लागतात. हवेच्या गनने घाईघाईत आवळलेल्या नटांमुळे नवी कोरी डिस्क वाकडी बसते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून, मध्यम दाबाने ब्रेक वापरावा.

आपल्या घाटातल्या एका सवयीबद्दलही लिहायला हवे. पावसाळ्यात धबधब्याशी गाडी थांबवून धुरावलेल्या चाकांवर बादलीभर पाणी ओतणारे चालक मी दरवर्षी पाहतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले की ते तडकू शकते. त्यापेक्षा गाडी अर्धा तास उभी ठेवावी. रात्रभरच्या पावसाने डिस्कवर चढलेला तांबूस गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको. मात्र चार महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीत गंज डिस्कच्या आतल्या हवेच्या खाचांमध्ये शिरतो. तो वरून दिसत नाही आणि घासूनही जात नाही.

प्रवासी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत रोलरवर ब्रेकचा जोर मोजला जातो, परंतु थंड असताना झिजलेली डिस्कसुद्धा पुरेसा जोर दाखवू शकते. तिचा खरा कस घाट उतरून तापल्यावर लागतो. म्हणून परिवहन विभागाने घाटमार्गावरील प्रवासी वाहनांच्या तपासणीत पुढच्या दोन्ही डिस्कची मोजलेली जाडी आणि त्यांची किमान जाडी हे आकडे नोंदवण्याची सक्ती करावी, अशी माझी विनंती आहे. गॅरेजवाल्या बंधूंनी पॅड बदलल्याच्या बिलावर हेच आकडे लिहून द्यावेत. चाक खोललेलेच असते, मोजायला पाच मिनिटे पुरतात आणि गिऱ्हाईकालाही पुढच्या वेळी किती झीज झाली ते कळते. महाडचे ते मिस्त्री आता मला असेच बिल देतात. नव्या डिस्क बसवल्यापासूनचे आकडे मी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवले आहेत आणि योग्यता तपासणीच्या वेळी कोणी मागितले तर ते दाखवायला मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक प्रवासी वाहनचालक, पोलादपूर