पोस्टरच्या शेवटच्या ओळीतली नावं पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या म्युझिक फेस्टिवलवर जे अख्खं पान आलं होतं ते आमच्या घरी सगळ्यांनी वाचलं. छान होतं, पण त्यात कोणते मोठे बँड येऊन राहिले, तिकीट कितीचं आणि राहायचं कुठे एवढंच होतं. मोठ्या बँडची माहिती कुठेही मिळते हो. त्याच दोन दिवसांत ज्यांची नावं आपण कधी ऐकलीच नाहीत असे कितीतरी बँड वाजवणार असतात, त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि जाणाऱ्या माणसाची खरी अडचण तिथेच असते की यातले कोणते बघायचे आणि कोणते सोडायचे. म्हणून हे पत्र, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मुंबई-पुण्याच्या माणसाचा एखादा बँड हुकला तर दोन-तीन महिन्यांत तो तिथल्याच एखाद्या हॉलमध्ये पुन्हा वाजवतो. नागपूरवरून जाणाऱ्याचं तसं नाही. रात्रभराची ट्रेन किंवा समृद्धीवरून गाडी हाणत जायचं, ऑफिसात सुट्टी मागायची, राहायचा खर्च, आणि तिथे पोचल्यावर कळतं की आपल्याला बघायचे दोन बँड एकाच वेळी दोन टोकांच्या स्टेजवर आहेत. २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदा लोलापलूझा नावाचं फेस्टिवल झालं तेव्हा दोन दिवस चार स्टेज होते. पुण्यात २०१० ला सुरू झालेलं एनएच७ वीकेंडर तर पहिल्यापासून अनेक स्टेजचंच. आणि हे सगळं इतकं दाटीवाटीनं का असतं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही, ज्या थोड्या दिवसांसाठी सरकार बारापर्यंत सूट देतं ते सोडून. म्हणजे दुपारी सुरू करून दहाच्या आत सगळ्यांना बसवायचं, मग एकावर एक येणारच. अरुणाचलमध्ये २०१२ पासून झिरो फेस्टिवल होतं, तिथे दिवसाचं स्टेज वेगळं आणि रात्रीचं वेगळं, त्यामुळे हा प्रश्न तिथे फारसा येत नाही, पण नागपूरवरून झिरोला जाणं म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

आपल्या विदर्भाला हे नवीन नाही खरं तर. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत मंडईच्या म्हणजे गावच्या जत्रेच्या किंवा शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवशी एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन तीन-तीन नाटकं लागतात आणि माणसं बरोबर ठरवतात कोणत्या मंडपात जायचं. पत्रकावर कोणाचं नाव आहे, गाणी कोण म्हणणार, मागच्या वर्षी शेजारच्या गावात ही मंडळी कशी रंगली होती, दिवसभर गाडी फिरते तिच्या भोंग्यावर काय ऐकू आलं, या सगळ्यावरून अंदाज बांधतात आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. बँडचं पण असंच आहे, अंदाज बांधता येतो, फक्त कशावरून बांधायचा ते माहीत पाहिजे.

माझी भाची आणि तिच्यासोबतची पोट्टी काय करतात तर बँडचं नाव फोनवर टाकायचं, सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं लावायचं, तीस सेकंद ऐकायचं आणि आवडलं नाही की पुढचं. मला हे पटत नाही आणि मी त्यांना दरवेळी सांगते. सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं कधी एखाद्या सिनेमासाठी केलेलं असतं, कधी दुसऱ्या मोठ्या गायकासोबतचं असतं, बँडचा खरा बाज त्यात असेलच असं नाही. शिवाय स्टुडिओत आवाजावर आवाज चढवता येतात, बेसूर गेलेला सूर सरळ करता येतो, स्टेजवर ते सगळं लपत नाही. म्हणून लाइव्ह रेकॉर्डिंग शोधायचं, आणि ते पण चार कॅमेऱ्यांचं एडिट केलेलं नाही, तर गर्दीतून कोणीतरी फोनवर घेतलेलं, हलणारं, मधे कोणाचं तरी डोकं येणारं. त्यात दोन मिनिटात कळतं की गायकाचा दम कुठपर्यंत आहे, ड्रमर लय धरून ठेवतो का, आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात ही मंडळी लोकांशी कशी बोलतात. अर्ध्या तासाचा सलग सेट सापडला तर मग काही बघायलाच नको, घरात भाजी निवडता निवडता तो ऐकून टाकायचा.

दुसरं म्हणजे बँडमध्ये कोण आहे आणि काय वाजवतात ते बघावं. नाव अनोळखी असलं तरी माणसं ओळखीची निघतात. केरळच्या थाइक्कुडम ब्रिजचं नाव कोणाला माहीत नसेल, पण त्यातला व्हायोलिनवाला गोविंद वसंता तमिळ सिनेमांना संगीत देतो हे कळलं की ज्याला ते संगीत आवडतं तो आपोआप तिकडे वळतो. ब्लडीवूड हा दिल्लीचा मेटल म्हणजे दणदणाटी रॉक वाजवणारा बँड, मेटल म्हटलं की आमच्या वयाची माणसं कानावर हात ठेवतात, पण त्यात ढोल आहे, बासरी आहे, हिंदी-पंजाबी बोल आहेत, हे कोणी एका ओळीत लिहिलं असतं तर दहा माणसं जास्त थांबली असती. हा बँड २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकनला आणि २०२२ मध्ये जपानच्या फुजी रॉकला, अशा मोठ्या फेस्टिवलांत वाजवून आला आणि आपल्याकडे अजून कितीतरी लोकांना नाव पण माहीत नाही. मुंबईचे अभंग रिपोस्टवाले संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सवर म्हणतात, हे नुसतं सांगितलं तरी आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बाया बघायला येतील, मला खात्री आहे.

भाषेवरून मात्र बँड सोडू नये असं माझं अगदी ठाम मत आहे. इंडियन ओशनची 'कंदीसा' ही केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, भाषा अरामाइक, गाणारे दिल्लीचे, आणि मैदानभर माणसं ती त्यांच्यासोबत म्हणतात. अर्थ किती जणांना कळतो कोण जाणे पण अंगावर काटा सगळ्यांच्या येतो.

आता दोन बँड एकाच वेळी आले तर काय करायचं. इथे नागपूरकरांनी मुंबईकरांपेक्षा वेगळा विचार करायला पाहिजे. जो बँड महाराष्ट्रात नेहमी येतो, उद्या नागपुरातही एखाद्या कॉलेजच्या फेस्टला येऊ शकतो, तो सोडावा आणि जो लांबून आलाय, शिलाँगवरून, कोहिमावरून, आफ्रिकेतल्या एखाद्या देशातून, तिकडे जावं. शिलाँगचा सोलमेट हा ब्लूज बँड २००३ पासून वाजवतोय, त्यांना ऐकायला आपण शिलाँगला कधी जाणार? ते आपल्या राज्यात आलेत तर तो पाऊण तास त्यांचा. आणि मोठ्या बँडची गंमत अशी असते की त्यांचा सेट तास-दीड तासाचा असतो आणि ज्या गाण्यांसाठी लोक येतात ती बहुतेक शेवटी राखून ठेवलेली असतात, म्हणून अनोळखी बँड पूर्ण ऐकून मोठ्याकडे अर्ध्यात पोचलं तरी फार काही जात नाही. उलटं केलं तर मात्र जातं, कारण छोट्या बँडला अर्धा-पाऊण तासच मिळतो, तुम्ही पोचेस्तोवर ते गिटार केसमध्ये ठेवून राहिलेले असतात.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहिते. फेस्टिवलमध्ये छोट्या बँडला नीट साउंड चेक, म्हणजे आधी वाजवून आवाज जमवून घ्यायला वेळ, मिळत नाही, आधीचा बँड उतरला की वायरी लावायच्या, प्रत्येक माइक आणि वाद्य चालू आहे का तेवढं बघायचं आणि सुरू. म्हणून पहिल्या गाण्यात आवाज ऐकू येत नाही, गिटार बोंबलते, बेस घुमतो, आणि लोक म्हणतात काय हा बँड, चला. तो दोष बँडचा नसतो, साउंडवाला पहिल्या गाण्यात आवाज बसवत असतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबावं आणि मग ठरवावं. उभं पण साउंडवाल्याच्या टेबलाजवळ राहावं, कारण तो तिथे त्याच्या कानाला जसं ऐकू येतं तसं जमवतो, त्यामुळे मैदानात सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं. अगदी स्पीकरपुढे उभे राहणारे जे आहेत त्यांनी कानाची काळजी घ्यावी, इयर प्लग फार महाग नसतात.

आणि सगळा दिवस कागदावर ठरवून टाकू नका असंही मी पोरांना सांगते, एखादा तास मोकळा ठेवायचा, पाय नेतील त्या स्टेजला जायचं, किंवा जे वाजवून मोकळे झालेत ते कलाकार प्रेक्षकांत उभे राहून कोणाला ऐकतायत ते बघायचं. वाजवणारा माणूस ज्याला ऐकायला थांबतो तिथे काहीतरी असतंच.

दुपारच्या स्लॉटला कोणी फुकटचा समजू नये. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तिथे दुपारी सत्र सुरू होतं तेव्हा बहुतेक नव्या गायक-वादकांना बसवतात आणि मुरलेले श्रोते वेळेवर येऊन बसतात कारण उद्याचं मोठं नाव आज तिथे ऐकायला मिळतं हे त्यांना ठाऊक असतं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉक फेस्टिवल झालं तेव्हा सांताना या रॉक बँडचा पहिला अल्बम पण बाजारात आला नव्हता, भर दुपारी वाजवायला उभे राहिले आणि तिथून त्यांचं नाव जगभर झालं. त्या दुपारी "संध्याकाळी जाऊ आरामात" म्हणणाऱ्यांचं काय गेलं ते आपणच समजून घ्यावं. ऊन असतं हे मान्य, पण नागपूरच्या माणसाने डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाचं कारण सांगू नये!

तर संपादक साहेब, माझी मागणी साधी आहे. फेस्टिवलचं पोस्टर आलं की त्यातली मोठ्या अक्षरातली नावं तुम्ही छापताच, खालच्या दोन ओळीतली बारीक नावं पण छापा. पोस्टरवर अक्षर मोठं-बारीक होतं ते तिकीट कोणाच्या नावावर विकलं जातं त्यावरून, कोण किती चांगलं वाजवतं त्यावरून नाही. प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा की बँड कुठला, वाद्यं कोणती, गातात कोणत्या भाषेत, आणि कोणासारखं ऐकू येतं. पंधरा-वीस शब्द पुरतात. आणि वेळापत्रक बहुतेक वेळा अगदी शेवटच्या दिवसांत जाहीर होतं, ते आलं की तेही छापा, म्हणजे ट्रेनमध्ये बसून पेनाने खुणा करता येतील, नेट तर वर्ध्याच्या पुढे येतं-जातं. यासाठी मोठा समीक्षक लागत नाही, तुमच्या ऑफिसात वाजवणारी, ऐकणारी दोन-तीन पोट्टी नक्की असतील, त्यांना हे काम द्या, ते आनंदाने करतील.

लोकांना अशी माहिती पुरते हे आपल्याच गावात दिसतं. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यात कर्नाटकचा डोल्लू कुनिता, छत्तीसगडची पंडवानी बघायला आपण जातो तेव्हा एकाही कलाकाराचं नाव माहीत नसतं, कला कोणती आणि कुठली एवढ्यावर जातो, आणि मुलांना घेऊन शेवटपर्यंत थांबतो.

आणि एक शेवटचं, हे फेस्टिवलवाल्यांना नाही तर इथे नागपुरात कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांनाच आहे, तुमच्या पेपरमधून त्यांच्यापर्यंत पोचावं. मुख्य कलाकाराच्या आधी अर्धा तास गावातलाच एखादा बँड वाजवतो, कॉलेजची पोरं असतात, घरच्या गच्चीवर महिनोन् महिने प्रॅक्टिस करून आलेली. त्यांचं नाव ना पासवर असतं ना बॅनरवर, आणि लोक तर मुख्य कार्यक्रमाची वेळ बघूनच घरून निघतात, म्हणून ती पोरं रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवून उतरतात. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हंड्रेड आरबीएच नावाने रॅप करतो, आज त्याला देशभर लोक ओळखतात, आणि त्याच्यामागून येणारे पुढचे कोण ते आपल्याला कसं कळणार जर त्यांची नावंच कुठे छापली नाहीत? पासवर दोन ओळी वाढवा, आधी कोण वाजवणार आणि किती वाजता. सहा लिहिलं तर आम्ही सहाला येऊन बसू.

आपली नियमित वाचक,
मनीषनगर, नागपूर