मंद्या, मेकाकू गेली आणि लग्न टिकलं

एडिसन, शनिवार, १३ जानेवारी २०२४

प्रिय मंद्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला पहिल्या वाक्यानंतर बोलू देत नाहीस आणि हे मला शेवटपर्यंत सांगायचंय, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. चहा घेऊन बस.

तब्येत ठीक. शुगर बॉर्डरवर होती ती तिथेच आहे, पाठ थंडीत धरते. मेधा आणि पोरं मजेत. झालं.

तर बुधवारी नव्या अल्टिमेट स्पायडरमॅन कॉमिकचा पहिला अंक आला. तू अजून वाचलेला नाहीस हे मला माहितीये, कारण वाचला असतास तर इकडचे किती वाजलेत ते न बघता तुझा फोन आला असता. मंगळवारी रात्रभर इकडे नुसता पाऊस आणि वारा, सकाळी रस्त्यांवर पाणी, मेधा म्हणाली एक बुधवार नाही गेलास तर काय बिघडतंय, मी म्हटलं अगं डोंबिवली स्टेशनपर्यंत गुडघाभर पाण्यातून जाऊन किंग्ज सर्कलचे फूटपाथ धुंडाळलेली माणसं आम्ही, आणि निघालो. माझ्या नावाचा गठ्ठा काउंटरमागे काढून ठेवलेला असतो म्हणून मिळाला, नाहीतर रांग बघता संध्याकाळपर्यंत एकही उरला नसणार. घरी न्यायचा धीर नव्हता. तिथेच पार्किंगमध्ये गाडीत हीटर लावून वाचून काढला, ऑफिसला पाऊण तास उशीर, मीटिंग बुडाली, बुडू दे.

मंद्या, पीटरचं लग्न झालेलं आहे! एमजेशीच, आपल्या मेरी जेनशी. दोन पोरं आहेत, मुलगा रिचर्ड आणि मुलगी मे. पीटर पस्तिशीतला, दाढी ठेवलेला (तुझ्यासारखी, फक्त काळी), नोकरी करणारा, संध्याकाळी घरी येणारा माणूस. आणि स्पायडरमॅन नाही! त्याला कोळी चावलेलाच नाही, कारण मेकरनं, म्हणजे आपल्या जुन्या अल्टिमेटमधल्या त्याच खलनायक झालेल्या रीड रिचर्ड्सनं, सगळ्यांची नशिबं आधीच पळवून ठेवलीयेत. म्हणजे बघ, २००० साली लेखक बेंडिस आणि चित्रकार बॅगलीनं अल्टिमेट सुरू केलं तेव्हा तो पीटर पंधराचा आणि आपणही तेवढेच, आणि आता लेखक हिकमननं नव्यानं मांडलं तर तोही आपल्याच वयाचा करून टाकला. त्याला घरात काही कमी नाही, बायको चांगली, पोरं गोड, तरी सतत वाटत राहतं की आपलं काहीतरी राहून गेलंय. ते काय ते त्याला कळत नाही, बोलायला गेलं तर धड शब्द सापडत नाहीत. मग टोनी स्टार्कचा निरोप येतो, सोबत तो कोळी, आणि ठरवायचं त्यानं स्वतः. १९६२ मध्ये, मूळ गोष्टीत, त्याला कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारलंय, आणि तो घरदार असलेला माणूस हो म्हणतो. मी तिथे थांबून एक पान मागे गेलो आणि परत वाचलं.

मार्को केक्केत्तोची चित्रं म्हणजे काय सांगू. डेअरडेव्हिलमध्ये तू त्याला नुसता चकचकीत म्हणाला होतास, शब्द मागे घे. इथे मारामारी जवळजवळ नाहीच, माणसं बसून बोलतायत, चालतायत, गप्प राहतायत, आणि तरी पान उलटायची घाई होते.

आता मुद्दा. बेनकाका जिवंत आहे. पेपरवाला झालाय, डेली बुगलमध्ये जेमिसनच्या जोडीला, आणि बुगलचा मालक कोण तर तो गुंडांचा राजा फिस्क! मालक बातमीत हात घालतो म्हणून दोघं म्हातारे नोकरीवर लाथ मारतात, ते प्रसंग तर तुझ्यासाठीच लिहिलेत असं वाटलं. पण त्याची बायको, मेकाकू, नाही. न्यूयॉर्कवरच्या त्या हल्ल्यात गेली.

कळतंय ना मी काय म्हणतोय? लग्न राहिलं आणि काकू गेली. बरोब्बर उलटं. तेव्हा पीटरनं मेकाकूला वाचवायला सैतानाशी सौदा करून लग्न सोडलं होतं. कुणीतरी आपलं भांडण कुठेतरी लिहून ठेवलं होतं आणि सोळा वर्षांनी हिकमनला नेऊन दिलं असं मला त्या गाडीत वाटलं.

थांब, बाकीचा गठ्ठा उरकतो, नाहीतर म्हणशील पूर्ण हिशेब दिला नाही. एक्स-मेनच्या राईज ऑफ द पॉवर्स ऑफ एक्सचा पहिला अंक आला, गिलननं लिहिलाय, आर. बी. सिल्वाची चित्रं सुंदर, पण मला त्यात आता भविष्यकाळ मोजायचा कंटाळा येतो, क्राकोआ, म्हणजे एक्स-मेनच्या बेटाची ती गोष्ट, संपवायला घेतलंय तर संपवा, मुंज लांबवल्यासारखं काय. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात आपण दोघं दर आठवड्याला तासतास बोलायचो ते आठवून वाईट वाटतं. ते झाड लावलं हिकमननंच आणि मध्येच सोडून गेला, हे विसरू नकोस, पुढे लागणार आहे. डीसी कंपनीचे अंक मंगळवारीच आले होते म्हणून बॅटमॅन अँड रॉबिनसुद्धा त्याच गठ्ठ्यात होता. बाप-लेक एका घरात राहतायत, डेमियनला हायस्कूलला घातलंय, मला ते आवडतं, लेखक विल्यमसनला बापाची काळजी लिहिता येते. मुख्य अमेझिंग स्पायडरमॅनमध्ये गँग वॉर चाललंय. त्याचा चित्रकार रोमिटा ज्युनियर, त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, तू परत तीन दिवस बोलणार नाहीस, पण डोकी खोक्यासारखी काढतो तो, हे मी मरेपर्यंत म्हणणार. आणि तिथे एमजे अजून त्या पॉलबरोबर! पॉल! मला सांग, पॉल हा माणूस मार्वलच्या ऑफिसबाहेर एकालाही आवडत असेल का? लग्न मोडून सोळा वर्षं झाली, तरी त्यांचं समाधान होत नाही, तिला दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवली. १९८७ ला लग्न लावलं तेव्हा केवढा थाट, शे स्टेडियमवर खरीखुरी माणसं नवरानवरी म्हणून उभी केली आणि स्टॅन ली भटजी! आणि मोडताना काय, तर लग्नामुळे पीटर म्हातारा वाटतो म्हणे. अरे लग्नामुळे माणूस म्हातारा होत नाही, ईएमआयनं होतो.

बघ, परत तिथेच आलो. अमेझिंग ५४५, लग्न मोडलं तो अंक.

२००७ संपता संपता आलेला तो अंक आपल्यापर्यंत निख्याच्या पेनड्राईव्हमधून पोचला तेव्हा संक्रांत होती. मला तारखेमुळे नाही, वासामुळे लक्षात आहे. तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी तिळगुळाचा पाक ठेवला होता आणि आपण तुझ्या त्या डबडा कॉम्प्युटरवर शेवटची पानं बघून ओरडत होतो. मी तेव्हा काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. लेखक स्ट्रझिन्स्कीला स्वतःला शेवटच्या अंकांवरून नाव काढून टाकायचं होतं हे मी पुरावा म्हणून फेकलं. तू म्हणालास, पीटरनं बरोबर केलं, मेकाकू गोळी लागून पडलीये आणि ती गोळी ह्याच्यामुळे आलीये, मुखवटा ह्यानं काढला, फिस्कनं माणूस पाठवला, मग भरपाई हाच करणार. आणि मी म्हणालो, म्हातारीचं वय झालंय, जाऊ द्यायचं तिला, तिच्यासाठी बायको सोडतात का? आणि आपल्या काकू मागे दारात उभ्या होत्या.

त्यांना वाटलं खऱ्याच कुणाबद्दल चाललंय. "कुठला रे हा कोळी, वेसाव्याचा का?" असं विचारलं त्यांनी, मी समजावून सांगितलं, हातातला झारा तसाच धरून त्यांनी सगळं ऐकलं, आणि म्हणाल्या, "सच्याचं बरोबर आहे. मी असते तर मीच म्हटलं असतं, सोड मला." आणि हसल्या. तू खुर्ची मागे ढकललीस आणि चपला न घालता निघून गेलास. पाक करपला. मला त्यांनी तशाच कडक वड्या डब्यात भरून दिल्या.

तीन आठवडे तू बोलला नाहीस. मी सगळ्यांना सांगत सुटलो की मंद्याला कॉमिक्समधलं काही कळत नाही. निख्यानं स्टेशनबाहेर वडापाव खायला घालून आपली गाठ घातली, आपण रोमिटावरून नवीन भांडण काढलं आणि जुनं तसंच राहिलं. तू कशावर चिडला होतास ते मला खूप उशिरा कळलं, मंद्या. तुझ्यासमोर कुणीतरी काकूंना जाऊ द्या म्हणालं होतं, आणि त्या हो म्हणाल्या होत्या. तुझ्यासमोर! तुझ्याइतकं त्या घरात दुसऱ्या कुणाला लागलं असतं ते?

ऑक्टोबरमध्ये काकू गेल्याचा निख्याचा मेसेज आला तेव्हा मी तुला दोन जोडलेले हात पाठवले. तेवढंच. त्यानंतर तुझे तीन मेसेज आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कामात होतो वगैरे काही नाही. फोन हातात घेतला की मला तो दारातला झारा दिसायचा आणि मी फोन ठेवून द्यायचो. ह्याची माफी मागतो. २००८ ची पण मागतो, ती जुनी आहे, व्याजासकट घे.

म्हणून बुधवारी जे झालं ते तुलाच सांगू शकतो. मेधाला सांगितलं तर ती म्हणाली, अरे पण तुला हवं होतं तेच मिळालं ना. हो, अगदी तेच मिळालं. लग्न आहे, पोरं आहेत, एमजे त्याच्याकडे बघते तशी कितीतरी वर्षांत बघितलेली नाही. मला आनंद झाला, खरंच झाला, पुस्तक छातीशी धरून बसावं इतका. आणि त्याच वेळी बेनकाका एकटा. त्याला एकटं चालताना बघितलं आणि मला वाटलं, हे मी मागितलं होतं. सोळा वर्षांपूर्वी तुमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, मोठ्यानं.

आता खरी काळजी ऐक, तू असतास तर यावर रात्र काढली असती. १९६२ पासूनचा नियम एकच आहे, पीटर कोळी झाला की घरातलं एक माणूस जातं. आधी चावा, मग चोराला सोडून देणं, मग बेनकाका. इथे क्रम उलटा लागलाय, मे आधी गेली आणि चावा नंतर. म्हणजे हप्ता आधीच भरून झाला, की हा हप्ता वेगळाच आणि चाव्याचा अजून बाकी आहे? कारण बाकी असेल तर घरात आता कोण कोण आहे बघ. बेनकाका. एमजे. रिचर्ड. आणि ती चिमुरडी मे. मला झोप नाही तीन दिवस. मला वाटतं हिकमनला हे पक्कं माहितीये, त्यानं काका जिवंत ठेवलाय तो उगाच नाही. पण क्राकोआ आठव. तो दारं उघडून निघून जातो, मागे दुसरं कुणीतरी येऊन घर पाडतं. ह्या वेळी त्यानं स्वतः शेवटपर्यंत थांबावं एवढीच माझी मागणी आहे. बाकी काकांना मारायचंच असेल तर निदान सावकाश मारा, पेपर तरी नीट चालू होऊ दे त्यांचा.

तू काय म्हणशील ते मला माहितीये. तू म्हणशील पोरीचं नाव मे आहे, म्हणजे काकू घरातच आहे. मी हे स्वतःला तुझ्या आवाजात सांगून बघितलं. थोडं बरं वाटलं.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? बिल्डरला सोडू नकोस, निख्याच्या ओळखीचा वकील आहे. ओवीचे पुढचे दात आले का, फोटो पाठव. आणि दाढी काढ, खरंच.

अंकाच्या दोन कॉपी घेतल्या होत्या. एक मेधाच्या आतेभावाबरोबर पाठवतोय, तो पुढच्या आठवड्यात ठाण्याला येतोय, तुला फोन करेल. कव्हर साधंच आहे, वेगळ्या चित्राच्या व्हेरिएंट कव्हरसाठी ते जे पैसे मागतात ते मी देणार नाही. पाकिटात वड्या पण आहेत, मेधानं केल्यात, ह्या वेळी मऊ आहेत. संक्रांत होऊन गेलेली असेल, तरी घे.

आणि एक काम. काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, आपण अंकांना मार्क द्यायचो ती वही असेल. त्यांनीच ठेवून घेतली होती, आपण ती फाडू म्हणून. कपाट आवरशील तेव्हा रद्दीत टाकू नकोस. ५४५ च्या ओळीत माझा शून्य आहे आणि तुझी जागा कोरी आहे, तू उठून गेला होतास. ती भर, दहा लिहिलेस तरी मी काही बोलणार नाही. खाली नव्या ओळीत माझ्याकडून ह्या अंकाला नऊ लिही. एक काकूंसाठी कापला. तुझा आकडा आला की वीसपैकीची बेरीज करू.

तुझा,
सच्या