आजोबांचं देणं

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, ते कर्ज मुदतबाह्य झालंय. द्यायची गरज नाही." कायदा तू बरोबर सांगितलास. उधारीची मुदत 3 वर्षं, आणि आजोबांच्या वहीतली नोंद 1994 च्या आषाढातली. 'युरिया 2 गोणी, बाजरी बियाणे, मागील बाकी, एकूण 4200.' पेन्सिलीने लिहिलेलं, आकड्याखाली दोन रेघा. देणं राहिलं की ते अशाच दोन रेघा मारायचे.

पण मुदत संपते ती दावा लावण्याची. कर्ज तिथेच असतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 पुन्हा वाच. मुदतबाह्य कर्ज फेडीन असं कुणी सही करून लिहून दिलं, तर बदल्यात नवं काही मिळालेलं नसतानाही ते वचन कोर्ट पाळायला लावतं. देणं उरलंच नसतं, तर नुसत्या सहीने ते उभं कसं राहिलं असतं?

पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे हिंदू मुलाचं धर्मकर्तव्य मानत आणि कोर्टंही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून ते वसूल करून देत. जुगार-दारूपायी केलेलं 'अव्यवहारिक' ऋण तेवढं वगळलेलं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांपुरती ही सक्ती काढली. फार चांगलं केलं. बापाच्या अंगठ्यावर पोरांनी राबावं, हे मी लहानपणी गावात पाहिलंय रे. कर्तव्य खरं असलं तरी ते दंडुक्याने करून घ्यावंच असं नाही, हे कायद्याला उशिरा का होईना कळलं. पण दंडुका बाजूला झाला म्हणून माझं देणं सुटलं, असं मला म्हणवत नाही. त्या खतावर पिकलेली बाजरी मी खाल्ली आहे.

म्हणून काल त्या खत-बियाण्याच्या दुकानात गेलो. आता तिथे जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. माळ्यावरून लाल चोपडी काढून त्याने पानं उलटली, नाव सापडलं. मी दामदुप्पटीने 8400 पुढे केले. त्याने मुद्दल तेवढं घेतलं, नावापुढे 'पोहोचले' लिहिलं आणि बराच वेळ पानावर हात ठेवून बसला. त्याच्या वडिलांचं अक्षर होतं ते.

दिवाळीला आलास की वही दाखवतो. शेवटच्या पानावर आणखी एका नावाखाली दोन रेघा आहेत. अक्षर पुसट झालंय, मला लागत नाही. तुझे डोळे चांगले आहेत.

तुझा,
बाबा