विद्यापीठीय खेळाडूंविषयीच्या अफवा आणि सट्ट्याचा पैसा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल आणि बास्केटबॉलचे वेड आता इथे ओहायोतल्या मराठी घरांतही रुजले आहे. अमक्याचा गुडघा गेला आहे, तमकी प्रशिक्षकांशी भांडून विद्यापीठ बदलते आहे, अशा कुणीही न पडताळलेल्या बातम्या आपली शिकलीसवरली मंडळीही बिनदिक्कत पुढे पाठवतात. त्यांत काय एवढे, असे विचारणाऱ्यांसाठी हे पत्र.

नोटर डेम विद्यापीठाचा फुटबॉलपटू मँटाय टेओ याची ऑनलाइन ओळखीतली प्रेयसी 2012 साली वारल्याची करुण कहाणी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी सांगितली. मृत्यूची नोंद शोधण्याचे साधे काम मात्र कुणी वेळेवर केले नाही. अशी मुलगी अस्तित्वातच नव्हती, हे जानेवारी 2013 मध्ये डेडस्पिन या संकेतस्थळाने उघड केले, तेव्हा पडताळणी न करणारे नामानिराळे राहिले आणि ज्याची फसवणूक झाली तो टेओच कटात सामील असल्याची चर्चा सुरू झाली. त्याच्या लैंगिकतेविषयीची कुजबुज तर इतकी वाढली की दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्याला तसा थेट प्रश्न विचारला गेला.

तेव्हा अफवेमागे प्रामुख्याने कुतूहल होते. आता तिच्यामागे पैसाही आहे. मे 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्याला आडकाठी करणारा 1992 चा संघीय कायदा रद्द केला आणि त्यानंतर बहुतेक राज्यांनी असा सट्टा कायदेशीर केला. विशिष्ट खेळाडू किती गुण मिळवेल यावरही पैसे लावता येऊ लागल्यामुळे, तो जखमी असल्याची आवई उठवून भाव हलवण्यात कुणाचा तरी थेट फायदा असू शकतो, आणि ती आवई निव्वळ उत्साहाने पुढे पाठवणारा सभ्य गृहस्थ त्याचा बिनपगारी हस्तक ठरतो.

यावर उपाय सुरू झाले आहेत. बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा परिषदेने 2023 पासून फुटबॉल सामन्यापूर्वी कोण खेळणार नाही याची अधिकृत यादी जाहीर करण्यास सुरुवात केली, आणि दुखण्याचा तपशील न देताही अफवेची हवा काढता येते हे त्यातून दिसले. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी 2024 मध्ये विद्यापीठीय खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील सट्ट्यावर बंदी घालण्याची मागणी राज्यांकडे केली. ओहायोने त्याच वर्षी ती घातलीही.

खासगी आयुष्याविषयीच्या वावड्यांना मात्र अशी यादी पुरणार नाही. एनसीएएने सिग्निफाय कंपनीकडून करून घेतलेल्या पाहणीनुसार, 2024 च्या मार्चमधील राष्ट्रीय विद्यापीठीय स्पर्धेत महिला बास्केटबॉलपटूंच्या वाट्याला पुरुषांच्या सुमारे तिप्पट ऑनलाइन शिवीगाळ आली. जुलै 2021 पासून हे खेळाडू जाहिरातींतून कमावतात, मग त्यांनी टीका सोसावी, हा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. खेळावरची टीका त्यांनी जरूर सोसावी. पण बुटांची जाहिरात केली म्हणून कुणाच्या आजारपणाची किंवा प्रेमप्रकरणाची चर्चा करण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

इतर राज्यांनी ओहायोचे अनुकरण करावे आणि इथल्या मराठी मंडळांच्या गटचालकांनी, विद्यापीठाच्या किंवा खेळाडूच्या स्वतःच्या निवेदनाचा आधार नसलेला असा मजकूर दिसताच काढून टाकावा, एवढी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोलंबस, ओहायो