मंत्रिमहोदय, स्थलांतराच्या आदेशात एक ओळ वाढवा

प्रति,
मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री

विषय : आपत्तीच्या वेळी पाळीव प्राण्यांना सोबत नेण्याची मुभा, त्यांच्यासाठी निवाऱ्यात जागा आणि प्राणिबचाव पथकांना अधिकृत स्थान मिळण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी पुरात अडकलेले प्राणी सोडवणारी एक स्वयंसेविका आहे.

धोक्याचा इशारा झाला की तुमच्या खात्याचा आदेश निघतो. घर रिकामं करा, कागदपत्रं आणि औषधं घ्या, पिण्याचं पाणी घ्या, टॉर्च घ्या, वीज आणि गॅस बंद करा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना आधी बाहेर काढा. आदेश चांगला असतो, त्यामागे अनुभव असतो. घरात कुत्रा, मांजर किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याचं काय करायचं, एवढंच त्यात लिहिलेलं नसतं.

आदेश गप्प बसला की जो तो आपल्या परीने मार्ग काढतो. कोणी कुत्र्याला गच्चीवर बांधून जातं, दोन दिवसांत परत येऊच या भरवशावर. कोणी खिडकी उघडी ठेवतं आणि मांजराला देवाच्या हवाली करतं. कोणी पिल्लू ओढणीखाली लपवून बोटीत चढतं आणि निवाऱ्याच्या दारात अडवलं जातं. आणि काही जण घर सोडायलाच तयार होत नाहीत. मला मुख्यतः या शेवटच्या लोकांबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला प्राण्यांचा लळा असेल किंवा नसेल, तो तुमचा प्रश्न. माणसं वाचवणं मात्र तुमचं कामच आहे, आणि प्राण्यांचा विचार न केल्यामुळे माणसं मागे राहतात.

हे माझ्या पदरचं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना चक्रीवादळाचा तडाखा बसला. तिथल्या बहुतेक निवाऱ्यांत आणि लोकांना बाहेर नेणाऱ्या बसमध्ये प्राण्यांना मज्जाव होता. बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातातून त्याचा छोटा पांढरा कुत्रा पोलिसांनी काढून घेतला आणि तो मुलगा उलटी होईपर्यंत रडला, ही बातमी तेव्हा जगभर गाजली. पुढच्या वर्षी फ्रिट्झ इन्स्टिट्यूट या संस्थेने वादळग्रस्तांची पाहणी केली. घर न सोडलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी सांगितलं की न जाण्यामागे पाळीव प्राणी हे एक कारण होतं. ज्या शहरात पाणी छपरापर्यंत चढलं, तिथला हा आकडा आहे.

त्यातून तिथे कायदा झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये ‘पेट्स अ‍ॅक्ट’वर अध्यक्षांची सही झाली. प्रतिनिधीगृहात तो ३४९ विरुद्ध २४ मतांनी मंजूर झाला होता. इतर वेळी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष यावर एकत्र आले. कायद्याचा गाभा साधा आहे : आपत्तीसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्यांच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या आराखड्यात पाळीव आणि मदतनीस प्राण्यांची सोय दिसली पाहिजे. पुढे पाळीव प्राणी कशाला म्हणायचं याचीही व्याख्या झाली. तीत कासव बसतं, साप बसत नाही आणि मासेही बसत नाहीत. वाचताना हसू येतं, पण बोटीत कोण चढणार हे ऐनवेळी भांडून ठरवण्यापेक्षा आधी कागदावर ठरलेलं बरं.

जपानचा अनुभव मला त्याहून जवळचा वाटतो. मार्च २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पाभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करायला लावला. लोक हाती लागेल ते घेऊन निघाले. कित्येकांना वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. कुत्रे साखळीला तसेच राहिले. नंतर प्रवेशबंदी झाली आणि मालकांनाही परत जाता येईना. तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१८ मध्ये त्या सुधारल्या. घर सोडताना प्राण्याला बरोबर घेऊनच निघायचं, हा त्यांचा पाया आहे. मात्र बरोबर निघणं म्हणजे निवाऱ्यात एकाच चटईवर झोपणं नव्हे, हेही त्यात स्पष्ट केलं आहे. प्राण्याची जागा वेगळी असू शकते. आपल्याकडचा निम्मा वाद या एका खुलाशाने मिटेल.

‘चार दिवसांत परत या’ याचा शेवट कुठवर जाऊ शकतो ते पाहायचं तर चेर्नोबिल आहेच. एप्रिल १९८६ मध्ये तिथल्या अणुप्रकल्पात स्फोट झाल्यावर शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करताना लोकांना तीन दिवसांचं सामान घ्यायला सांगितलं होतं. प्राणी मागे राहिले आणि पुढे सैनिकांच्या तुकड्यांना त्यांना गोळ्या घालण्याच्या कामावर पाठवलं गेलं. त्यातून वाचलेल्यांचे वंशज आजही त्या परिसरात आहेत.

आता जमिनीवर काय होतं ते सांगते, कारण आराखडा करणाऱ्याला ते टेबलावरून दिसत नाही. बांधलेल्या कुत्र्याला पोहता येऊन उपयोग नसतो. साखळी जेवढी, तेवढंच त्याचं आयुष्य. पाणी त्या उंचीवर पोचेपर्यंत तो भुंकत असतो, मग भुंकणं बंद होतं. आम्ही पोचतो तेव्हा गळ्याखालची कातडी सोललेली असते, कारण जीव खाऊन ओढलेलं असतं. जवळ जाणारा हात त्याला शत्रूचाच वाटतो. त्याच्या नजरेला नजर न देता, बाजूने सरकत, आधी डोक्यावर टॉवेल टाकावा लागतो आणि मगच जबड्याला पट्टी बांधता येते. मांजर कपाटावर किंवा माळ्यावरच्या भांड्यांमागे सापडतं. त्याला हातात उचलून बोटीत आणणं म्हणजे हात फाडून घेणं. अनुभवी माणूस उशीचा अभ्रा उलटा करून हातात चढवतो, मांजराची मानगूट धरतो, अभ्रा त्याच्यावरून उलटवतो आणि तोंडाला गाठ मारतो. सुती कापडातून श्वास घेता येतो आणि अंधार झाला की मांजर शांत होतं. हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात, खाली काय आहे ते दिसत नसताना करायचं असतं. मालकाने निघतानाच प्राणी बरोबर घेतला असता तर यातलं काहीच लागलं नसतं.

आणि आम्ही पोचलो नाही तर मालक स्वतः पोचतो. बंदोबस्त चुकवून, रात्री, टायरची ट्यूब घेऊन. मग त्याला शोधायला तुमचीच बोट निघते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. निवाऱ्यात आधीच दाटी असते. कोणाला दम्याचा त्रास असतो, कोणाला कुत्र्याची भीती असते, लहान मुलं रांगत असतात. घाबरलेला कुत्रा चावू शकतो आणि रेबीज एकदा लक्षणं दाखवू लागला की माणूस हाती लागत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत लागण कुत्र्यांमार्फत होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा प्राण्यांना निवाऱ्यात सरसकट मोकळं सोडा, असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. एक वेगळी खोली, व्हरांडा किंवा पत्र्याची शेड, प्रत्येक प्राण्याला पिंजरा किंवा स्वतंत्र दोरी, कुत्र्यांपासून मांजरं नजरेआड आणि प्राण्याची देखभाल मालकाकडेच. एवढं झालं तर दम्याच्या रुग्णालाही त्रास नाही आणि रांगणाऱ्या मुलालाही धोका नाही.

या खोलीच्या दारावरच अट घालता येईल : लसीकरणाचं कार्ड दाखवा. ज्याच्याकडे नसेल त्याच्या प्राण्याला परत पाठवू नये, दारातच टोचावं आणि वेगळं ठेवावं. पण अशी अट आहे हे आधीपासून माहीत झालं तर लोक पावसाळ्याआधीच लस टोचून घेतील. कुत्र्यांच्या ७० टक्के संख्येला लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे तुमच्या आरोग्य खात्याला नव्याने सांगायला नको. ‘प्राण्यांना लस द्या’ अशा फलकांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. निवाऱ्यात जागा मिळायला कार्ड लागतं म्हटल्यावर पाहतील. पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवरही कुत्र्यांसाठी लस आहे. ती दर वर्षी घ्यावी लागते आणि नेमकी तीच लोक विसरतात.

दुसरी अट मायक्रोचिपची. कातडीखाली बसणारी ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते आणि ती कोणाचा माग काढत नाही. स्कॅनर फिरवला की पंधरा अंकी क्रमांक दिसतो, बस्स. अमेरिकेतल्या प्राणिनिवाऱ्यांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात चिप असलेल्या हरवलेल्या कुत्र्यांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक कुत्रे घरी परतले, एकूण कुत्र्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. मांजरांचा फरक तर डोळे उघडणारा आहे : एकूण मांजरांपैकी दोन टक्क्यांहून कमी, चिपवाल्यांपैकी ३८ टक्क्यांहून जास्त. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना २०१६ पासून आणि मांजरांना २०२४ पासून चिप सक्तीची आहे. मात्र चिप टोचून मालकाचा फोन नंबर नोंदवला नाही किंवा बदलल्यावर कळवला नाही तर तो क्रमांक फुकट. नोंदवही एकच असू दे, ती चालू राहू दे, आणि पूर ओसरल्यावर बचाव पथकाला रात्री दोन वाजताही ती पाहता येऊ दे.

निवाऱ्यात पशुवैद्यक का हवा, याचं उत्तर निवाऱ्यात एक रात्र काढली की मिळतं. मांजर मलूल दिसलं की कोणीतरी मायेपोटी त्याला पॅरासिटामॉलचा तुकडा देतं. मांजराच्या शरीरात ते औषध पचवण्याची यंत्रणाच अपुरी असते. अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकतं. बरेच दिवस उपाशी सापडलेल्या कुत्र्यापुढे लोक कौतुकाने भरलेलं ताट ठेवतात. त्याला थोडं थोडं, वरचेवर द्यायचं असतं, नाहीतर रक्तातले क्षार कोसळून जिवावर बेततं. पार्वो या कुत्र्यांच्या साथीच्या आजाराची लागण झालेलं एक पिल्लू आत आलं तर तो विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो. साध्या साबणाने जात नाही, ब्लीच लागतं. पशुवैद्यक प्रत्येक निवाऱ्यात नसला तरी चालेल, पण नियंत्रण कक्षात त्याची एक खुर्ची आणि एक फोन हवा.

आता आमच्यासारख्या स्वयंसेवकांबद्दल. आजवर आम्ही पोचतो ते ओळखीपाळखीने, नाक्यावरच्या पोलिसाने सोडलं तर. आमच्यातही हौशे-नवशे आहेत. काहींना प्राण्यापेक्षा व्हिडिओची घाई जास्त असते; लाइफ जॅकेट न घालता पाण्यात उतरतात आणि बचाव पथकालाच आणखी एक माणूस वाचवावा लागतो. अशांना अडवलं तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. म्हणूनच नोंदणी करा. पोहता येतं का पाहा, प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण द्या आणि मगच ओळखपत्र द्या. रेबीजची पूर्वलस सक्तीची करा : आठवड्याच्या अंतराने दोन डोस. ती घेतलेल्याला पुढे चावा बसला तर दोन बूस्टर पुरतात आणि महागडं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. ते नेमकं आपत्तीच्या दिवसांत मिळत नाही, हा भाग वेगळा. आणि शक्य असेल तिथे आमची बोट तुमच्या बोटीमागून जाऊ द्या, तिच्याआधी नव्हे.

पैशाचं म्हणाल तर पिंजरे, दोऱ्या, स्कॅनर, ब्लीच आणि एक रजिस्टर. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या सेंदाई आराखड्यात २०१५ पासून पशुधन आणि कामाच्या जनावरांच्या रक्षणाचा उल्लेख आहे, आणि आपल्याकडेही गुराढोरांसाठी चाऱ्याची आणि छावणीची व्यवस्था कागदावर तरी असते. तिच्याच शेजारी ही खोली काढता येईल. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा २०२२ मध्ये सीमेवर निर्वासितांच्या कुत्र्या-मांजरांसाठी युरोपीय देशांनी कागदपत्रांचे नियम शिथिल केले. युद्धात सापडलेल्यांसाठी ते जमलं. आपल्याला तर पाऊस कधी येतो तेही माहीत असतं.

लोकांनीही आपला वाटा उचलायला हवा, आणि तोही तुमच्या आदेशातच सांगता येईल. मांजराला वर्षभर पिंजऱ्याची सवय लावा, पिंजरा कोपऱ्यात उघडा ठेवा, त्यातच खायला घाला. इशारा झाल्यावर पहिल्यांदा कोंबायला गेलात तर ते पलंगाखालून निघणार नाही. प्राण्यासोबतचा मालकाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा, ओळख पटवायला कामी येतो. आणि काहीच करता आलं नाही, खरंच नेता आलं नाही, तर निदान त्याची साखळी सोडवून निघा आणि मागे प्राणी आहे हे नियंत्रण कक्षाला कळवा.

माझी मागणी आदेशातल्या एका ओळीची आहे : ‘घरातला पाळीव प्राणी सोबत आणा, निवाऱ्यात त्याच्यासाठी वेगळी जागा आहे.’ ही ओळ लिहायची तर जागा करावी लागेल आणि जागेबरोबर लस, चिप, पशुवैद्यक सगळं मागोमाग येईल. नुसती ओळ छापून जागा केली नाही तर मात्र लोक दारातून परततील आणि पुढच्या वेळी तुमच्या कोणत्याच आदेशावर विश्वास ठेवणार नाहीत. तेव्हा आधी खोली, मग ओळ.

पावसाळ्यापूर्वीच्या रंगीत तालमीची तारीख कृपया कळवा. नकली रुग्ण स्ट्रेचरवरून नेता, तसा एखादा खरा कुत्राही बोटीत चढवून पाहू. कुत्रा, पिंजरा आणि त्याला धरायला माणसं आम्ही आणतो.

आपली नम्र,
एक प्राणिबचाव स्वयंसेविका