खारफुटीत फक्त रोहितच राहतात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला खारफुटीतल्या पक्ष्यांवरचा पानभर लेख वाचला. मला वाटलं, खारफुटीतले पक्षी पुढच्या पानावर असतील. पान उलटलं तर शब्दकोडं. म्हणजे लेख संपला होता.

लेखात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आहेत. उडणारे रोहित, चरणारे रोहित, एका पायावर उभे राहिलेले रोहित. ते देखणे आहेत यावर माझा काही वाद नाही. पण तुमच्याच फोटोंत ते उभे आहेत उघड्या चिखलावर, उथळ पाण्यात. त्यांच्या मागे जी हिरवी धूसर रेघ दिसते ना, ती खारफुटी. लेखाचा विषय ती होती, असं निदान मथळ्यावरून तरी वाटत होतं. रोहित झाडावर बसत नाहीत, झाडीत शिरत नाहीत, घरटंसुद्धा उघड्यावर चिखलाचा ढीग करून बांधतात. त्यांना ‘खारफुटीचे राजे’ म्हणणं म्हणजे राजवाड्यासमोर गाडी लावून उभ्या असलेल्या माणसाला राजा म्हणण्यासारखं आहे.

एवढं चिडायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या पक्षीगणनेला स्वयंसेवक म्हणून गेले होते. सकाळी सकाळी सगळ्यांच्या हातात छापील तक्ते दिले. रोहित, बगळे, तुतवार, कुरल, सुरय, बदकं, सगळ्यांना रकाने. आम्ही बांधावर रांगेत उभे, दुर्बिणी पाण्याकडे. पाठीमागे हाताच्या अंतरावर खारफुटी आणि तिच्यात नुसता कलकलाट. शिंपी ओरडत होता, नाचण शेपटीचा पंखा उघडून या मुळावरून त्या मुळावर उड्या मारत होता. मी विचारलं, हे कुठे लिहू? आयोजकांनी दुर्बीण खाली न घेता सांगितलं, “इतरमध्ये टाका, मॅडम.” टाकले. शिंपी, नाचण, शिंजीर, दयाळ, खंड्या. यथावकाश अहवाल आला. त्यात ‘इतर’ हा रकानाच नव्हता आणि शेवटी वाक्य होतं की खारफुटीच्या पट्ट्यात उल्लेखनीय पक्षी आढळले नाहीत. आढळणार कसे? सगळ्यांची पाठ तिकडे होती! कालच्या लेखाचीही आहे.

खारफुटीत पक्ष्यांच्या जाती कमी असतात, हे मान्य. जमीन रोज भरतीच्या पाण्याखाली जाते, त्यामुळे खाली झुडपं-गवत नाही. झाडांच्या जाती मोजक्या, गरदार फळं जवळपास नाहीत, म्हणून फळं खाणारे पक्षीही फारसे नाहीत. किडे खाणाऱ्यांचंच राज्य. पण जे तिथे टिकले ते असे टिकले की त्यांना दुसरं घर नाही. 2009 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात फक्त खारफुटीपुरत्या मर्यादित असलेल्या जमिनीवरच्या कणाधारी प्राण्यांच्या जाती-उपजाती 69 भरल्या आणि त्यातले 48 पक्षी होते. बहुतेक आशिया आणि ऑस्ट्रेलियातले. लेखकांनी त्यातला एक तरी घ्यायचा.

आपल्या नवरंग पक्ष्याचा भाऊबंद असलेला खारफुटीतला पिट्टा घ्या. ओडिशातल्या भितरकनिकाला लोक खास त्याच्यासाठी जातात. इतर पिट्टांपेक्षा याची चोच जाड आणि लांब, कारण याला चिखलातले खेकडे खायचे असतात. दिसायला महाकठीण. विणीच्या दिवसांत उंचावर बसून शीळ घालतो, तेव्हा कुठे कळतं की आहे. बांधावरून दुर्बीण लावून तो मिळत नाही, आत जाऊन कान द्यावा लागतो. दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांवरचा खारफुटीतला फिंच हा छोटा पक्षी तर शंभराच्या आसपास उरलाय. एका इझाबेला बेटावरच्या खारफुटीच्या तुकड्यांत. उंदीर त्याची अंडी-पिल्लं खातात आणि बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या घरट्यात पिल्लांचं रक्त पितात. 2014 पासून काही वर्षं तिथल्या माणसांनी पिल्लं हाताने वाढवून परत सोडली. यावर एक चौकट तरी द्यायची होती! चौकटीच्या जागी तुम्ही सूर्यास्त छापलात.

आणि झाडांनाही पक्षी लागतात, हे लेखात कुठेच नाही. ब्रुगेरा या मोठ्या लाल फुलांच्या खारफुटीच्या झाडाचं फूल खाली मान घालून लटकतं. पाकळ्यांनी परागकोश ताणून धरलेले असतात. शिंजीर मधासाठी चोच आत घालतो, तिचा धक्का लागला की पाकळी फटकन उघडते आणि पराग थेट त्याच्या कपाळावर उडतात. तो पिवळं कपाळ घेऊन पुढच्या फुलाकडे. याचा फोटो मिळवणं अवघड आहे, कबूल. रोहितांचा मिळतो, कारण ते हलत नाहीत.

लेखकांना स्थलांतरित पक्षीच हवे होते तर तेही झाडीत मिळाले असते. अमेरिकन रेडस्टार्ट हा चिमुकला पक्षी उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात जमैकाला येतो. तिथली ओलसर खारफुटी बहुतेक वयस्क नर बळकावतात, माद्यांना कोरड्या झुडपांत ढकलतात. खारफुटीतल्यांचं वजन हिवाळाभर टिकतं, ते वसंतात लवकर निघतात. कोरड्या जागेतले रोडावतात आणि उशिरा निघतात. 1998 मध्ये पक्ष्यांच्या शरीरातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, हे पक्कं दाखवलं गेलं. कुठल्या झाडीत हिवाळा काढला, यावर हजारो मैलांवरच्या विणीच्या जागी कधी पोचणार हे ठरतं.

पण खरा कळस शेवटच्या परिच्छेदात आहे. रोहित वाचवायचे असतील तर किनाऱ्यावरच्या ‘मोकळ्या चिखलात’ खारफुटीची रोपं लावा, असं आवाहन! अहो, तो मोकळा चिखल हेच त्यांचं ताट आहे. रोहित, तुतवार, कुरल तिथेच खातात. तिथे झाडं दाटली की ते जातील, आणि ओळीत लावलेल्या एकाच जातीच्या रोपांत पिट्टाही येणार नाही. चिखलही हवा आणि जुनी खारफुटीही हवी. टेरेक तुतवार आणि छोटा कुरल ओहोटीला चिखलावर खातात आणि भरती आली की खारफुटीच्या फांद्यांवर जाऊन बसतात, त्यांना तर दोन्ही लागतं. तुटलेली खारफुटी पुन्हा लावायचीच असेल तर जिथून ती तोडली तिथे लावा, पाण्याची अडलेली वाट मोकळी करा, बरेचदा बिया आपल्या आपणच येतात. वृक्षारोपणाच्या फोटोला हे सोयीचं नाही, याची मला कल्पना आहे.

जाता जाता, फोटोंखालच्या ओळी करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापण्याची कल्पना कोणाची? भिंग लावूनही वाचता आल्या नाहीत. आणि त्या शब्दकोड्याची उत्तरं चौकोनांत बसत नाहीत, उभा आठ तर अजिबातच नाही. कोणी तपासतं का?

माझं मागचं पत्र छापताना आपण निम्मं कापलंत आणि राहिलेल्या निम्म्याचा अर्थ उलटा झाला. या वेळी जागा कमी पडली तर रोहितांबद्दलचं सगळं कापा. पिट्टा आणि फिंच राहू द्या.

आपली,
एक जुनी वाचक