पैसे कधी येतील, हे विचारू नकोस

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. १८ जून २०२३

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा तुझी आई शेजारीच तूर निवडत बसली होती, म्हणून मी केवळ ‘बघू’ एवढेच बोललो. बेकारी भत्त्याचे पैसे अजून जमा झालेले नाहीत, खोलीचे भाडे दोन महिन्यांचे थकले आहे आणि चाकणमध्ये ओळखीचा एक गृहस्थ शेकडा पाच दराने वीस हजार द्यायला तयार आहे, हे तू एका दमात सांगितलेस आणि ‘घेऊ का?’ असे विचारलेस. फोनवर मला असल्या गोष्टी नीट सुचत नाहीत. उभे आयुष्य शाखा डाकपाल म्हणून दुसऱ्यांची पत्रे निवडण्यात गेले, तेव्हा एक पत्र स्वतः लिहावे असे ठरविले.

तू व्हॉट्सॲपवर पाठविलेली कामगार विम्याच्या (ईएसआयच्या) नोंदीची छायाचित्रे मी तीनदा पाहिली. पहिल्या दोन वेळा चष्मा चुकीचा होता. तिसऱ्या वेळी दिवसांच्या रकान्यावर बोट ठेवून वाचले आणि मग लक्षात आले की ऑक्टोबरचे २६ आणि नोव्हेंबरचे २६ असे मिळून ५२ दिवस तुझ्या नावावर आहेत. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी यांच्यासमोर काहीच नाही. तुझी नोकरी २८ फेब्रुवारीला सुटली. तिन्ही महिन्यांच्या पगारपावत्यांवर मात्र विम्यापोटी १३५ रुपयांची कपात स्पष्ट दिसते. म्हणजे कंत्राटदाराने तुझ्या पगारातून पैसे कापून घेतले, पण पुढे भरले नाहीत, किंवा भरले असतील तर ते तुझ्या विमा क्रमांकावर चढले नाहीत. दोन्हीपैकी काय झाले ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. परंतु ‘कार्यालयातले लोक मुद्दाम लांबवीत आहेत’ असे तू जे म्हणालास, त्याला या नोंदीत तरी आधार सापडत नाही.

या भत्त्याचे नियम मी शांतपणे समजून घेतले आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा सरासरी रोजच्या कमाईचा पाव भाग मिळत असे. टाळेबंदीच्या वर्षी तो वाढवून कमाईच्या निम्मा करण्यात आला आणि नोकरी सुटल्यावर नव्वद दिवस थांबण्याऐवजी तीस दिवसांनी दावा करता येऊ लागला. हा लाभ आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. त्यासाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी लागते. शिवाय नोकरी सुटण्याच्या लगतच्या अंशदान कालावधीत, म्हणजे विम्याची वर्गणी मोजण्याच्या सहामाहीत, ७८ दिवस भरलेले असावे लागतात आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात तितकेच. तुझे मागचे सगळे कालावधी पुरे आहेत. अडले आहे ते ७८ च्या जागी ५२ दिसतात, एवढ्यावरच. गेल्या दोन वर्षांची कमाई ७३० दिवसांनी भागली तर तुझ्या १८,००० रुपयांच्या पगारावर रोजचे ५९२ रुपये पडतात, त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे २६,६०० रुपयांच्या आसपास. ही रक्कम मनात धरून ठेव, म्हणजे तिच्या भरवशावर किती कर्ज काढावे याचा विचार आपोआप होईल.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, जी तुझ्या आईखेरीज कोणालाही ठाऊक नाही. रोजगार हमीची मजुरी टपाल खात्यातून देण्याचा काळ तुला अंधुक आठवत असेल. आपल्या ओसरीवरच डाकघर होते आणि हप्त्याच्या दिवशी कडुलिंबाखाली माणसे बसलेली असत. तांड्यावरची एक बाई मातीकामाच्या दोन हप्त्यांची मजुरी घेण्यासाठी चार किलोमीटर चालत येई. तिचे पैसे आले नव्हते, कारण यादीत तिच्या खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता आणि यादी दुरुस्तीसाठी परत गेली होती. मला हे ठाऊक होते. तरीही मी तिला ‘उद्या ये’ म्हणून सांगत राहिलो, कारण चूक सांगितली तर बाकीचे पंचवीस जण आपापले आकडे तपासायला लावतील आणि संध्याकाळची टपालाची पिशवी निघण्यापूर्वी माझा दिवसाचा हिशेब पुरा होणार नाही, अशी मला धास्ती होती. ती अकरा वेळा आली. निंदणाचे दिवस होते, म्हणजे कमावलेली मजुरी घ्यायला येताना दर खेपेस तिची एका दिवसाची मजुरी बुडत होती, आणि हा हिशेब मी, दिवसभर हिशेबच करणारा माणूस, एकदाही केला नाही.

बाराव्या खेपेला ती पायरीवर बसली आणि म्हणाली, “पोस्टमास्तर, पैसे नोका देऊ, पण माह्यं नाव कोन्त्या कागदावर हाय तेवढं दाखवा.”

त्या प्रश्नाला ‘उद्या’ हे उत्तर देता येत नव्हते. मला कपाटातून यादीची प्रत काढावी लागली, चुकलेला आकडा दाखवावा लागला आणि तिच्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन ती कोणाच्या हाती द्यायची ते सांगावे लागले. पुढच्या पंधरवड्यात तिचे पैसे आले. ते मोजून देताना मी मान वर केली नाही. तिने माझ्याविषयी कधी वाईट शब्द काढल्याचे ऐकले नाही, आणि ते मला अधिक लागले.

म्हणून तुला लिहितो की पैसे कधी येतील, हे विचारू नकोस. त्याचे उत्तर खिडकीपलीकडच्या माणसालाही बहुधा ठाऊक नसते, आणि जे ठाऊक नाही ते विचारले की माणूस ‘उद्या’, ‘सोमवारी’, ‘साहेब आल्यावर’ असे काहीतरी बोलून मोकळा होतो. माझा अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे, त्यावर कोणता शेरा पडला आहे आणि तो शेरा निघण्यासाठी कोणी काय द्यायचे आहे, असे विचार. तुझ्या बाबतीत तर प्रश्न आणखी नेमका झाला आहे: डिसेंबर ते फेब्रुवारीचे अंशदान भरले गेले आहे काय? प्रत्येक महिन्याचे अंशदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरण्याचे बंधन मालकावर असते, तेव्हा फेब्रुवारीचासुद्धा भरणा १५ मार्चला पुरा व्हायला हवा होता. तू दावा दिलास ५ एप्रिलला. दावा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे खात्यात जमा व्हावेत असे २०२० मध्ये जाहीर झाले होते, पण नोंदच अपुरी असेल तर पंधरा दिवस मोजायचे तरी कोठून?

तिन्ही पगारपावत्या, हजेरीचे कार्ड असल्यास ते, आणि पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा यांच्या प्रती जोडून एक अर्ज विमा कार्यालयाला आणि एक कंत्राटदाराला दे. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस. अर्ज हातोहात दिलास तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घे. शिक्का देत नसतील तर वाद न घालता बाहेर ये आणि तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठव. पोचेचे महत्त्व मी पुस्तकात वाचून सांगत नाही. रोजगार हमीच्या कायद्यात काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा अशी तरतूद २००५ पासून आहे. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव आणि त्यानंतर किमान निम्मा. आपल्या गावात काम मागणारे पुष्कळ होते, काम न मिळालेलेही पुष्कळ होते, पण भत्ता घेतलेला मी एकही पाहिला नाही, कारण तोंडी काम मागितले की पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे हे दाखविणारा कागदच नसतो. मजुरी उशिरा मिळाली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाईही त्या कायद्यात आहे. यंदाच्या २७३ रुपये दराने सहा दिवसांच्या मजुरीवर ती दिवसाला साधारण ८२ पैसे होते. ते ८२ पैसे मिळविण्यासाठी दारव्ह्याला जाण्याचे एस. टी. भाडे किती लागते, हे तू जाणतोसच.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. त्यात गाऱ्हाणे लिहायचे नसते, रागही लिहायचा नसतो; माझ्या दाव्यावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली आणि त्यावरील शेऱ्यांच्या प्रती द्याव्यात, एवढेच मागायचे. मसुदा मी करून ठेवला आहे.

वीस हजारांविषयी. शेकडा पाच म्हणजे महिन्याला हजार रुपये, आणि हे प्रकरण दिवाळीपर्यंत लांबले तर तुझ्या भत्त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्याजातच गेला असे समज. शिवाय असे पैसे देणारा माणूस तुझा भत्ता कधी येणार याची चौकशी तुझ्यापेक्षा अधिक आस्थेने करू लागतो. ते पैसे घेऊ नकोस. तुझ्या आईने बचत गटातून शेकडा दोन दराने दहा हजार उचलले आहेत; मला न विचारता उचलले, हेही लिहून ठेवतो, कारण गुरुवारी तिने तूर निवडता निवडता सगळे ऐकले होते आणि मी उगाच आवाज खाली करून बोलत होतो. मंगळवारी ती रक्कम तुझ्या खात्यावर येईल. त्यातून एका महिन्याचे भाडे दे आणि दुसऱ्या महिन्याबद्दल घरमालकाला स्वतः जाऊन सांग. आठ दिवस तू त्याची चाहूल घेऊन पाय न वाजवता जिना उतरतोस, असे तू हसत सांगितलेस. मला हसू आले नाही. अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्याला दाखव. भाडेकरू पळून जाणार नाही एवढी खात्री पटली की बहुतेक माणसे एक महिना थांबतात.

भत्ता पदरात पडेपर्यंत काम धरले तर दावा बुडेल, ही तुझी समजूत काढून टाक. नवी नोकरी लागल्यावर त्यापुढच्या दिवसांचा भत्ता मिळणार नाही हे खरे, पण आधी जे दिवस बेकारीत गेले त्यांचा हक्क त्यामुळे जात नाही. साडेतीन महिने उलटले. मिळेल ते काम बघ. विमा असलेले मिळाले तर उत्तम, आणि या खेपेस दर महिन्याला आपली नोंद स्वतः उघडून पाहत जा.

इकडे मृग लागून दहा दिवस उलटले तरी पावसाचा पत्ता नाही. दरवर्षीप्रमाणे काहींनी धूळपेरणी उरकली आणि आता ते आभाळाकडे पाहत आहेत. कपाशीचे पाकीट यंदा ८५३ रुपयांना आहे, तेव्हा बी मातीत वाया गेले तर दुबार पेरणीला पैसा आणायचा कोठून, या विचाराने मी वखरून ठेवलेले वावर तसेच ठेवले आहे. शेजारचे काका मला भित्रा म्हणतात. पाऊस उद्या आला तर ते पुढे जातील हे मान्य आहे, पण न आलेल्या पावसावर मी यापूर्वी दोनदा पेरले आहे आणि दोन्ही वेळचे देणे तुझ्या शाळेच्या वर्षांत फेडले आहे.

पत्राच्या पाकिटात अर्जांचे दोन मसुदे आणि दहा रुपयांच्या दोन पोस्टल ऑर्डरी ठेवल्या आहेत. एक खराब झाली तर दुसरी असावी. त्या लेखा अधिकाऱ्याच्या नावे करायच्या असतात, परंतु कार्यालयाचे पूर्ण नाव तेथे विचारून मला कळविल्याशिवाय ती जागा भरू नकोस, आणि भरशील तेव्हा निळ्या शाईनेच भर. कुरड्या वेगळ्या डब्यात पाठवीत आहोत, त्या टपालाने येणार नाहीत. परवा गावातला एक मुलगा चाकणला निघाला आहे, त्याच्याकडून घे.

तुझा,
बाबा